साधा की गुंतागुंतीचा? बॉण्ड इंडेक्स फंड आणि कायद्यातल्या एका शब्दाचा इतिहास



संशोधनाच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. राजे, लढाया, चळवळी यांचा इतिहास समजतो, पण कायद्यातल्या एखाद्या शब्दाचा इतिहास लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तत्त्वचर्चा करत बसण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. माझ्या अभ्यासविषयाच्या अगदी शेजारचं आहे आणि त्यासाठी लागणारी बहुतेक कागदपत्रं कुणालाही घरबसल्या मोफत वाचता येतात.

प्रश्न असा: बॉण्ड इंडेक्स फंड, म्हणजे कर्जरोख्यांच्या एखाद्या निर्देशांकामागे चालणारा फंड, ही 'गुंतागुंतीची' गुंतवणूक मानायची की नाही?

पहिल्यांदा ऐकलं की उत्तर सोपं वाटतं. शेअर म्हणजे धोका, बॉण्ड म्हणजे शांतता, आणि इंडेक्स फंड म्हणजे त्याहून शांतता. यात गुंतागुंत कसली? पण ज्यांनी रोख्यांचं गणित शिकलंय त्यांना विचारा, ते हसतील. आता या दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला इतिहासाचा विद्यार्थी बसत नाही. तो विचारतो: 'गुंतागुंतीचा' हा शिक्का कुणी तयार केला, कधी केला, आणि तो लागला किंवा न लागला तर कुणाचं काय बदलतं?

शेवटच्या भागापासून सुरुवात करू, कारण खरी मेख तिथे आहे. युरोपीय संघात एखादं गुंतवणूक साधन 'बिगर-गुंतागुंतीचं' ठरलं, की ब्रोकर ते तुम्हाला काहीही न विचारता विकू शकतो. ऑर्डर तुम्ही स्वतःहून दिलेली असावी, आणि 'आम्ही तुमची तपासणी करणार नाही' हे त्याने स्पष्ट सांगितलेलं असावं, अशा काही अटी आहेत. त्या पाळल्या की झालं. साधन 'गुंतागुंतीचं' ठरलं तर मात्र त्याला थांबून विचारावं लागतं: तुम्हाला या प्रकाराचं ज्ञान आहे का, अनुभव आहे का? याला योग्यतेची चाचणी म्हणतात. म्हणजे हा शिक्का साधनाच्या अंगावर असला, तरी त्यातून ठरतं ते ग्राहक आणि विक्रेता यांच्यातलं नातं. न समजता घेतलेल्या वस्तूची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला आहे.

आता या गोष्टीतली दोन पात्रं वेगवेगळी जन्माला आली आणि बऱ्याच उशिरा भेटली. पहिलं पात्र फंड.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कुन, लोब अँड कंपनी या गुंतवणूक बँकेने अमेरिकी सरकारी आणि कंपन्यांच्या रोख्यांचे निर्देशांक काढायला सुरुवात केली. १९७७ मध्ये ही बँक लेहमन ब्रदर्समध्ये विलीन झाली आणि निर्देशांकही लेहमनचे झाले. १९८६ मध्ये सगळ्यांना एकत्र बांधणारा 'ॲग्रीगेट' निर्देशांक आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला बॉण्ड इंडेक्स फंड सुरू केला. शेअर निर्देशांकाचा त्यांचा फंड त्याच्या दहा वर्षं आधी, १९७६ मध्ये आला होता.

इथे एक छोटीशी सूचना, आकडेवारी वापरणाऱ्यांसाठी. या ॲग्रीगेट निर्देशांकाची आकडेमाला १९७६ पासून मिळते. पण निर्देशांक जन्मला १९८६ मध्ये! आधीची दहा वर्षं मागाहून मोजून जोडलेली आहेत. त्या दहा वर्षांत हा आकडा कुणी पाहिलेला नव्हता, त्यावर कुणी निर्णय घेतलेला नव्हता. तुमच्या प्रबंधात "१९७९ मध्ये गुंतवणूकदारांनी निर्देशांकाकडे पाहून…" असं वाक्य आलं, तर परीक्षक तिथेच लाल पेन काढणार. मालिकेची पहिली तारीख आणि मालिका प्रसिद्ध झाल्याची तारीख, दोन्ही नोंदवायची सवय लावा.

रोख्यांचा निर्देशांक शेअरच्या निर्देशांकासारखा नसतो, हे समजल्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही. त्यामुळे जरा थांबू.

शेअर बाजारात कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच असतो. रोख्यांचं तसं नाही. एकाच कंपनीचे वीस-पंचवीस रोखे बाजारात असू शकतात, प्रत्येकाचा व्याजदर वेगळा, मुदत वेगळी, अटी वेगळ्या. ॲग्रीगेट निर्देशांकात आज दहा हजारांहून जास्त रोखे आहेत आणि त्यातले कितीतरी आठवडेच्या आठवडे विकले-खरेदले जात नाहीत. व्यवहार होतो तो बहुतेक वेळा एक्स्चेंजवर नव्हे, दलालांमधल्या थेट बोलणीत. म्हणून फंड निर्देशांकातला प्रत्येक रोखा विकत घेतच नाही. तो नमुना घेतो: मुदत, पत, क्षेत्र यांचं प्रमाण साधारण तेच राहील असे निवडक रोखे. 'निष्क्रिय' म्हणवणाऱ्या फंडाच्या पोटात निवडीचं केवढं काम चालतं बघा.

दुसरी गोष्ट वजनाची. शेअर निर्देशांकात ज्या कंपनीची बाजारातली किंमत मोठी तिचं वजन मोठं. रोख्यांच्या निर्देशांकात ज्याच्या डोक्यावर कर्ज जास्त, त्याचं वजन जास्त. गावात सगळ्यात जास्त उधारी असलेल्या माणसाला आपण सगळ्यात जास्त उसने पैसे द्यावेत, तसा हा प्रकार. अर्थात मोठा कर्जदार अमेरिकी सरकारही असू शकतो, त्यामुळे हे नेहमी वाईटच असं नाही. पण हा नियम बहुतेक गुंतवणूकदारांना माहीत नसतो, हे मात्र खरं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोख्याला मुदत असते. पाच वर्षांचा रोखा घेतला, मधे व्याजदर वाढले, किंमत पडली, तरी कर्जदार बुडाला नाही तर पाचव्या वर्षी मुद्दल परत मिळतं. ही मुदतपूर्तीच सामान्य माणसाच्या मनातला 'सुरक्षित' हा अर्थ तयार करते. बॉण्ड इंडेक्स फंडाला मुदतच नसते. रोख्याची मुदत एक वर्षाच्या आत आली की ॲग्रीगेटसारखे निर्देशांक त्याला बाहेर काढतात आणि नव्या लांब मुदतीचे रोखे आत येत राहतात. फंड कायम तेवढाच तरुण! म्हणजे सुटे रोखे घेणाऱ्याला जो धीर 'थांबलो तर मिळेल' या विचाराने येतो, त्याला फंडात तसा ठरलेला दिवस नाही. थांबल्याचा फायदा इथेही होतो, वाढलेलं व्याज हळूहळू पदरात पडतं. पण अमुक तारखेला अमुक रक्कम, असं वचन कुणी दिलेलं नसतं.

आता दुसरं पात्र, शब्द.

युरोपात सामूहिक गुंतवणूक फंडांसाठी पहिला समान कायदा डिसेंबर १९८५ मध्ये आला. त्याखाली मान्यता मिळालेल्या फंडांना यूसिट्स म्हणतात. कल्पना अशी की एका देशात मान्यता मिळालेला फंड संघातल्या इतर देशांतही विकता यावा. त्यासाठी फंड काय धरू शकतो, एका कर्जदारावर किती पैसा लावू शकतो, याला मर्यादा घातल्या. १९८५ चा यूसिट्स म्हणजे खरोखरच साधासुधा माणूस होता. शेअर घ्या, रोखे घ्या, एवढंच.

२००१ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली. फंडांना डेरिव्हेटिव्ह वापरण्याची बरीच मोकळीक मिळाली आणि निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांसाठी मर्यादा सैल झाल्या. नाव तेच, यूसिट्स. पण आतला माणूस बदलला.

आणि मग एप्रिल २००४. 'मिफिड' या नावाने ओळखला जाणारा युरोपीय निर्देश मंजूर झाला, तो नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १९(६) मध्ये बिगर-गुंतागुंतीच्या साधनांची यादी आहे: नियंत्रित बाजारात नोंदलेले शेअर, अल्पमुदतीची नाणेबाजार साधनं, डेरिव्हेटिव्ह न दडवलेले रोखे, यूसिट्स, "आणि इतर बिगर-गुंतागुंतीची साधनं". शेवटचा तुकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आवरेना. बिगर-गुंतागुंतीचं म्हणजे काय, तर जे बिगर-गुंतागुंतीचं आहे ते! 'गुंतागुंतीचं' या शब्दाची व्याख्या त्या निर्देशात कुठेच नाही. उरलेल्यांसाठी कसोट्या २००६ च्या अंमलबजावणी निर्देशात दिल्या: साधन डेरिव्हेटिव्ह नसावं, ते वारंवार विकता यावं, त्याची किंमत उघड उपलब्ध असावी, घातलेल्या पैशापेक्षा जास्त देणं अंगावर येऊ नये, आणि सामान्य ग्राहकाला समजेल एवढी माहिती जाहीर असावी.

विद्यार्थ्यांनी इथे थांबून एक गोष्ट टिपावी. यादीत शेअर आणि रोख्यांवर अटी आहेत. यूसिट्सवर एकही अट नाही. तो यूसिट्स आहे, एवढं पुरे. २००१ नंतरचा डेरिव्हेटिव्हने भरलेला फंडही २००४ च्या यादीत १९८५ च्या अब्रूवर आत शिरला. कायद्याच्या इतिहासात हे फार वेळा दिसतं: शब्द एका काळात कमावलेली पत दुसऱ्या काळात खर्च करतो.

मग २००८ आलं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. निर्देशांकांचा व्यवसाय बार्कलेजकडे गेला आणि २०१६ मध्ये तो ब्लूमबर्गने घेतला. म्हणूनच आज तोच ॲग्रीगेट ब्लूमबर्गच्या नावाने चालतो. पण त्याच लेहमनची दुसरी एक निर्मिती त्या महिन्यात हाँगकाँगच्या रस्त्यावर मोर्चे काढायला कारण झाली. तिचं नाव 'मिनीबॉण्ड'. नाव ऐकून वाटेल छोट्या रकमेचा रोखा. प्रत्यक्षात ती पतधोक्याशी जोडलेली बांधीव साधनं होती. काढणारी कंपनी भलत्याच नावाची, केवळ त्यासाठीच उभी केलेली, आणि मागे लेहमनशी केलेले स्वॅपचे करार. हाँगकाँगमधल्या बँकांच्या शाखांतून ती हजारो ठेवीदारांना विकली गेली होती, त्यात निवृत्त माणसंही होती. जुलै २००९ मध्ये सोळा बँकांनी मुद्दलाच्या ६० टक्के, आणि ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या ग्राहकांना ७० टक्के रक्कम देऊन ती परत घेण्याचं मान्य केलं.

एकाच घरातून निघालेल्या या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहा. एक हजारो रोख्यांचा निर्देशांक, दुसरी एक 'बॉण्ड' म्हणवणारी वस्तू. सामान्य माणसाने नावावरून ओळखायचं ठरवलं तर त्याला दुसरीच जास्त साधी वाटली असती.

या धक्क्यानंतर 'गुंतागुंत' हा शब्द नियामकांच्या तोंडी सारखा येऊ लागला. बेल्जियमने तर २०११ मध्ये मोजणीच सुरू केली. तिथल्या नियामकाने ऑगस्ट २०११ पासून 'विशेष गुंतागुंतीची' बांधीव साधनं सामान्य ग्राहकांना न विकण्याचा करार बँकांपुढे ठेवला, ऐच्छिक स्वरूपात. त्यातली एक कसोटी अशी की परताव्याच्या सूत्रात तीनपेक्षा जास्त यंत्रणा नसाव्यात. तीन चालतील, चार नाही. हसण्यासारखं वाटतं खरं, पण मला हा दस्तऐवज प्रामाणिक वाटतो. गुंतागुंत मोजायची म्हणता ना, मग मोजून दाखवा, असं त्यात आहे. हाँगकाँगने पुढे वेगळी रेघ ओढली: फंडातला डेरिव्हेटिव्हचा निव्वळ भार मालमत्तेच्या ५० टक्क्यांवर गेला की तो डेरिव्हेटिव्ह फंड, आणि तो गुंतागुंतीचा. साधा बॉण्ड इंडेक्स फंड या दोन्ही रेघांच्या अलीकडेच राहतो.

ब्रुसेल्समध्ये मात्र वेगळंच नाट्य चाललं होतं. डिसेंबर २०१० मध्ये युरोपीय आयोगाने मिफिडच्या फेरविचारासाठी सल्लापत्र काढलं. त्यात एक प्रश्न असा होता की यूसिट्सचे दोन भाग करावेत का, साधे आणि गुंतागुंतीचे? फंड उद्योगाने याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, यूसिट्स हा जगभर विश्वास मिळवलेला शिक्का आहे, त्याचे तुकडे केले तर शिक्क्याचीच किंमत जाईल. हा युक्तिवाद स्वार्थी आहे म्हणून सोडून देऊ नका. त्यात तथ्यही आहे: यूसिट्सला ठेवीदार संस्था लागते, विविधीकरणाच्या मर्यादा लागतात, पैसे काढण्याची सोय लागते. ग्राहकाला आतलं गणित समजलं नाही तरी बाहेरच्या भिंती मजबूत आहेत, असं ते म्हणत होते.

शेवटी २०१४ मध्ये 'मिफिड २' मंजूर झाला आणि ३ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. तडजोड अशी निघाली की फक्त 'बांधीव यूसिट्स' यादीतून वगळले. त्यांची व्याख्या याच निर्देशात शोधाल तर सापडणार नाही. ती २०१० च्या एका वेगळ्याच नियमात, क्रमांक ५८३/२०१०, कलम ३६ मध्ये आहे. कायदा वाचताना हा धडा फार कामाचा: शब्द एका घरात राहतो, त्याचा अर्थ शेजारच्या घरात. त्या व्याख्येचा सारांश असा की ठरावीक तारखांना, सूत्रावर आधारित, मालमत्ता किंवा निर्देशांकांच्या कामगिरीशी जोडलेला परतावा देणारा फंड.

निर्देशांक हा शब्द दिसताच काही जण दचकतात. मग इंडेक्स फंड बांधीव झाला की! नाही झाला. वाक्य पूर्ण वाचायचं. ठरलेल्या तारखा हव्यात आणि त्या तारखांना सूत्राने निघणारा परतावा हवा. इंडेक्स फंड रोज निर्देशांकासारखा वागतो, तो कुठल्या तारखेला कसलंही सूत्र लावत नाही. म्हणून यूसिट्स स्वरूपातला बॉण्ड इंडेक्स फंड आजही आपोआप बिगर-गुंतागुंतीचा आहे. कायद्याच्या दृष्टीने उत्तर मिळालं.

पण गंमत पुढेच आहे.

मिफिड २ ने सुट्या रोख्यांसाठी नियम कडक केले. रोख्याच्या रचनेमुळे धोका समजणं कठीण होत असेल तर तोही गुंतागुंतीचा. कुठली रचना, हे सांगायला 'एस्मा' या युरोपीय नियामक संस्थेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. गृहकर्जांच्या पुंजीवर आधारित रोखे त्यात नावानिशी आहेत. इतरांचं कर्ज फिटल्यावरच ज्याचा नंबर लागतो असे रोखे आहेत. कर्जदाराला मुदतीआधी परत घेण्याचा हक्क असलेले आहेत. भलत्या नावाच्या खास कंपनीने काढलेले आहेत, म्हणजे मिनीबॉण्डची आठवण कायद्यात शिरलेली दिसते. आणि मुदतच नसलेले, कायमचे रोखे आहेत.

आता अमेरिकी ॲग्रीगेट निर्देशांक घ्या. त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग गृहकर्जांवर आधारित रोख्यांचा आहे. हे रोखे अवघड का, तर आपल्या गृहकर्जासारखंच: व्याजदर उतरले की लोक जुनं कर्ज फेडून नवं स्वस्त घेतात, म्हणजे गुंतवणूकदाराचा पैसा नेमका नको तेव्हा परत येतो. दर चढले की कुणी फेडत नाही, म्हणजे पैसा नेमका हवा तेव्हा अडकतो. हा एकेक रोखा तुम्ही युरोपात विकत घ्यायला गेलात तर ब्रोकरला थांबून तुमची चाचणी घ्यावी लागेल. असे हजारो रोखे एका यूसिट्समध्ये बांधून दिले, की काहीही विचारायची गरज नाही. हा निर्देशांक धरणारे यूसिट्स युरोपात विकले जातात.

मुदतीचं उदाहरण याहून बोलकं आहे. रोख्याला मुदत नसेल तर तो एस्माच्या लेखी गुंतागुंतीचा. बॉण्ड इंडेक्स फंडाला मुदत नाही, तरी तो साधा. इथे नियामकाला ढोंगी ठरवायची घाई करू नका. त्याच्याकडे उत्तर आहे: कायमचा रोखा विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं, फंडाचं युनिट मात्र फंडालाच परत देता येतं किंवा एक्स्चेंजवर विकता येतं. कसोट्यांमध्ये 'वारंवार विकता यावं' ही अट आहे ती याचसाठी. हे उत्तर मला पटतं, पण अर्धंच. बाहेर पडता येणं आणि आत काय आहे ते समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने पहिलीला दुसरीच्या जागी बसवलंय.

आणखी एक विसंगती वेष्टनाची. तेच रोखे, तोच निर्देशांक, पण फंड यूसिट्स नसेल तर आपोआप मिळणारी सवलत गेली. ब्रिटनच्या नियामकाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की यूसिट्स नसलेले किरकोळ फंड आणि इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट आपोआप साधेही नाहीत आणि आपोआप गुंतागुंतीचेही नाहीत, कसोट्यांवर तपासा. म्हणजे गुंतागुंत वस्तूत आहे की डब्यात? मला विचाराल तर २००४ पासून युरोपीय कायद्यात ती मुख्यतः डब्यात आहे.

मग हे सगळं कागदी वाद म्हणून सोडून देता येईल का? २०२२ साली तो कागदी राहिला नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्या एका वर्षात आपला दर शून्य ते पाव टक्क्यावरून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. ॲग्रीगेट निर्देशांकाचा ड्युरेशन, म्हणजे दर एक टक्का हलल्यावर किंमत साधारण किती टक्के हलेल त्याचं माप, तेव्हा सहा आणि सातच्या दरम्यान होतं. निर्देशांक त्या वर्षात १३ टक्के पडला. ब्रिटिश सरकारी रोख्यांचे फंड तर जवळपास चौथा हिस्सा गमावून बसले. यात बुडालेला कर्जदार एकही नव्हता. फसवणूक नव्हती, दडवलेलं डेरिव्हेटिव्ह नव्हतं. साधन साधं होतं, नियमाप्रमाणे बिगर-गुंतागुंतीचं होतं, आणि निवृत्तीच्या तोंडावर 'सुरक्षित' म्हणून पैसे तिकडे वळवलेल्या माणसाला त्याची किंमत कशी हलते हे कुणी विचारलेलं नव्हतं.

इथे बहुतेक विद्यार्थी एक उडी मारतात, ती मारू नका. "१३ टक्के पडला म्हणजे तो गुंतागुंतीचा होता" हे अनुमान चुकीचं आहे. धोका आणि गुंतागुंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका छोट्या कंपनीचा शेअर समजायला सोपा असतो आणि तुमचे सगळे पैसे घालवू शकतो. उलट एखादं भांडवल-सुरक्षित बांधीव साधन समजायला महाकठीण आणि तोट्याला मर्यादा असलेलं असू शकतं. आंतरराष्ट्रीय नियामक संघटना आयोस्कोने जानेवारी २०१३ च्या आपल्या अहवालात गुंतागुंतीची ओळख ग्राहकाच्या समजेवरून केली आहे: ज्याच्या अटी, वैशिष्ट्यं आणि धोके सामान्य ग्राहकाला समजण्याची वाजवी शक्यता नाही, ते. या कसोटीवर बॉण्ड इंडेक्स फंडाचं काय होतं, हा खरा खुला प्रश्न आहे. फंडाची किंमत रोज कळते, खर्च कळतो, आत काय आहे त्याची यादी मिळते. पण 'दर वाढले की माझा फंड का पडला' याचं उत्तर किती जणांना देता येतं? माझं मत विचाराल तर फंडाची रचना साधी आहे आणि त्याचं वागणं साधं नाही, आणि युरोपीय शिक्का फक्त रचनेकडे बघतो.

भारतात काय झालं हे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना इथलाच विषय घ्यायचा असेल. सेबीने म्युच्युअल फंडांसाठी 'गुंतागुंत' हा दरवाजा निवडलाच नाही, 'धोका' निवडला. २०१३ मध्ये निळा, पिवळा आणि तपकिरी अशा तीन रंगांची लेबलं आली. २०१५ पासून रंगांच्या जागी रिस्कोमीटरचा काटा आला, आणि जानेवारी २०२१ पासून त्याला सहा पायऱ्या झाल्या. डिसेंबर २०२१ पासून कर्जरोख्यांच्या योजनांना नऊ चौकोनांचा एक तक्ता लावावा लागतो: एका बाजूला व्याजदराचा धोका, दुसऱ्या बाजूला पतीचा. लांब मुदतीचा सरकारी रोख्यांचा फंड या तक्त्यात पतीच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित आणि व्याजदराच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याच्या चौकोनात बसतो. २०२२ साली युरोपातल्या ग्राहकाला जे कुणी सांगितलं नाही, नेमकं ते.

या तक्त्यामागे एप्रिल २०२० ची सावली आहे, हे विसरून चालणार नाही. २३ एप्रिलला फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या आपल्या सहा कर्जरोखे योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सुमारे २५ हजार कोटी रुपये आणि तीन लाखांहून जास्त गुंतवणूकदार अडकले. त्या योजना इंडेक्स फंड नव्हत्या, व्यवस्थापकाने निवडलेल्या कमी पतीच्या रोख्यांच्या होत्या. पण 'डेट फंड म्हणजे एफडीचा भाऊ' या घरोघरच्या समजुतीला तडा गेला तो तिथे.

आणि इंडेक्स फंडाच्या बाबतीत भारतात एक वेगळीच वाट निघाली. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या भारत बॉण्ड ईटीएफला मुदत होती! पहिल्या दोन मालिका, एक एप्रिल २०२३ ला संपणारी आणि एक एप्रिल २०३० ला, सरकारी कंपन्यांच्या उच्च पतीच्या रोख्यांवर चालणाऱ्या. त्यानंतर अशा ठरावीक मुदतीच्या इंडेक्स फंडांची रांग लागली. निर्देशांक आहे, पण तो तरुण राहत नाही, वर्षागणिक म्हातारा होत जातो आणि ठरलेल्या दिवशी संपतो. मुदतपूर्तीवर वाढलेल्या ग्राहकाला समजेल अशी वस्तू इथे व्याख्या बदलून नव्हे, वस्तूच बदलून तयार झाली. नियामकाने तसं ठरवून केलं, की विक्रेत्यांनी एफडीची सवय ओळखून केलं, हे शोधायला कुणीतरी बसायला हवं.

ज्यांना युरोपच्या बाजूने काम करायचं आहे त्यांच्यासाठी सुरुवातीची जागा सांगतो. निर्देशांचे मजकूर युरोपीय संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर सगळ्या आवृत्त्यांसह आहेत. कलमं वाचण्याआधी प्रस्तावनेतले परिच्छेद वाचा, कायद्याचा हेतू तिथे लिहिलेला असतो. मग २००९ चं सल्लापत्र काढा. एस्माच्या आधीच्या समितीने, सेसरने, नेमकं याच विषयावर ते काढलं होतं: कुठली साधनं गुंतागुंतीची आणि कुठली नाहीत. त्याच्या शेजारी २०१० चं आयोगाचं सल्लापत्र ठेवा आणि दोन्हींना आलेली उत्तरं वाचा. बँका काय म्हणतात, फंड कंपन्या काय म्हणतात, ग्राहक संघटना किती पानं लिहितात. उत्तरांच्या संख्येतच अर्धी गोष्ट दिसायला लागते.